परातीची पायडलं

विमान तयार झालं होतं. फक्त पाय ठेवायला काही नव्हतं.

ड्रॉइंगमास्तर लालासाहेब मोहिते यांनी गोठ्यात विमान बांधायला घेतलं, तेव्हा गावानं त्यांना खुळ्यात काढलं. सांगाडा उभा राहिला तेव्हा गाव जरा गप्प झालं. आणि पंखांवर मांजरपाट ताणून बसला तेव्हा गाव सल्ले द्यायला लागलं. आमच्याकडे सल्ले सुरू झाले की समजावं, काम मान्य झालं. मान्य केलं नाही ते फक्त म्हशीनं. तिचा गोठा गेला होता. शेजारच्या बिराप्पा धनगराच्या वळचणीला तिला बांधली होती. तिथं ती विमानाकडे पाठ करून उभी राहायची, आणि दूध तिनं निम्म्यावर आणलं होतं.

लालासाहेब लढाईत पाच वर्षं हवाईदलात फिटर होते. आता सायकलवरून विट्याच्या हायस्कुलात जाऊन पोरांकडून तांब्या-पेल्याची चित्रं काढून घेत. हवाईदलाची एकच खूण त्यांनी जपली होती, ती म्हणजे पायातले नाळ ठोकलेले फौजी बूट. हे बूट लग्नकार्यालाही जात आणि मयतालाही जात. बूट वाजले की मास्तर आले हे तीन गल्ल्या अलीकडे कळायचं.

आता ही पायडलं म्हणजे काय, हे गावाला समजावण्यात लालासाहेबांचे दोन रविवार गेले. आपलं थोडक्यात भागेल. विमान चालवणाऱ्याच्या पायापाशी दोन पायडलं असतात. डावं ढकललं की शेपटीचं सुकाणू डावीकडे फिरतं आणि विमान डावीकडे वळतं. उजवं ढकललं की उजवीकडे. इथवर सोपं आहे. पण त्याच पायडलाचं वरचं टोक वेगळं हलतं. ते पायाच्या बोटांनी दाबलं की त्या बाजूच्या चाकाला ब्रेक लागतो. म्हणजे टाचेनं वळायचं आणि बोटांनी थांबायचं. एकेका पायाला दोन-दोन नोकऱ्या.

इंजिन आणि मोटारसायकलची ब्रेकवाली चाकं सांगलीच्या महावीर आण्णांनी मिळवून दिली होती. आण्णांचं लष्करी भंगाराचं दुकान होतं आणि लालासाहेबांवर त्यांचा जीव होता. पायडलांची जोडीही त्यांनीच पाठवली. गोणपाट सोडून बघितलं तर दोन्ही डावी. सोबत चिठ्ठी होती: ‘उजवं येईतोवर यावर भागवावे.’ लालासाहेबांनी तीन दिवस डाव्यावर भागवून बघितलं. मग हा नाद सोडला.

एवढ्यात सरकारनं सातारा जिल्ह्याचे दोन तुकडे केले, उत्तर आणि दक्षिण. गावानं पेपरात वाचलं आणि सोडून दिलं. लालासाहेबांना सोडता येईना. कारण ज्या माळावर विमान पळवायचं होतं, त्या माळाच्या मधोमध नव्या जिल्ह्याची हद्द पडली होती आणि हद्दीवर चुना फासलेला दगड बसला होता. उत्तरेच्या कचेरीत अर्ज केला तर म्हणाले, पुढचा माळ दक्षिणेत येतो, तिकडे विचारा. दक्षिणेच्या कचेरीत गेले तर म्हणाले, यंत्र उभं आहे उत्तरेत, तिकडून घेऊन या. यंत्र की कागद, हे काही कुणी सांगितलं नाही. सायकलवर अकरा खेटे झाल्यावर उत्तरेच्या कचेरीनं एक कागद दिला. मुंबईचे एक साहेब कोल्हापूरला जाताना दसऱ्याच्या सकाळी चाचणी बघतील. यंत्र जमिनीवरून सरळ पळालं पाहिजे, डावं-उजवं वळलं पाहिजे आणि हद्दीच्या दगडाअलीकडे थांबलं पाहिजे. तोवर दगडाअलीकडे सराव करण्यास हरकत नाही. मात्र यंत्राने हद्द ओलांडल्यास ते जागेवर जप्त करून चावडीत ठेवण्यात येईल.

दोन वर्षं खपून उभं केलेलं विमान आता दोन पायडलांवर येऊन ठेपलं होतं, आणि पायडलंच नव्हती.

तेव्हा नाथाजी आला. विट्याच्या बाजूचे पुष्कळ लोक गलईवाले. मुलुखभर शहरांतून दुकानं टाकतात आणि सोनं-चांदी गाळून शुद्ध करतात. नाथाजी कलकत्त्याहून सणासाठी गावी आला होता. लालासाहेबांनी त्याला चित्र काढून दाखवलं. नाथाजीनं ते उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाला, “मास्तर, चौकट लोखंडाची करू. पर वरचा पत्रा पितळंचा पायजे, जाड. डाक देऊन असा बसवतो की कलकत्त्याच्या बाईनं कानात घालावा.”

जाड पितळ कुठून आणायचं? दोघं बोलत असताना लालासाहेबांची आई अंबूबाई आत गेल्या आणि एक मोठी परात घेऊन आल्या. जुनी, वजनदार, कड फुलासारखी वळवलेली.

“ही कापा,” त्या म्हणाल्या.

“आई, चांगली परात आहे की.”

“पोचा आलाय तिला. कापा म्हन्ते न्हवं.”

लालासाहेबांनी पुढं काही विचारलं नाही. माणूस विमान बांधत असला की परातीला इतिहास असतो हे त्याच्या डोक्यात येत नाही.

नाथाजीनं आठ दिवस काम केलं. फुंकणी तोंडात धरून, ज्योत सुईसारखी बारीक करून, टाकणखाराचे कण चिमटीनं टाकत तो डाक द्यायचा, पितळ लोखंडाशी एकजीव करायचा. लालासाहेबांनी लढाईत मोठमोठे कारागीर बघितले होते, पण असा हात बघितला नव्हता. आणि काम संपलं की हा गडी रोज गोठा झाडायचा आणि केर पोत्यात भरून ठेवायचा. गलईवाल्याची निम्मी मिळकत दुकानाच्या केरात असते, त्यामुळे केर टाकणं हे पाप. “अरे, इथं सोनं कुठलं?” लालासाहेब म्हणाले. “शेणाचाच केर आहे हा.” नाथाजी म्हणाला, “असूं दे मास्तर. हात ऐकत न्हाई.”

पायडलं बसली. पिवळीधमक, घट्ट, लोण्यासारखी हलणारी. रविवारी माळावर सराव ठरला. अख्खं गाव जमलं. नाथाजीनं पुढचा पंखा फिरवला, इंजिन धडधडलं, लालासाहेबांनी बूट सरसावले, आणि डावं पायडल दाबल्याबरोबर विमान जागच्या जागी घाण्याच्या बैलासारखं गोल फिरायला लागलं. तीन फेऱ्या झाल्या. उजवं दाबलं तर उलट्या बाजूनं दोन. मग ते बिराप्पाच्या कडब्याच्या गंजीत शिरलं आणि थांबलं. म्हशीनं पहिल्यांदाच मान वळवून विमानाकडे बघितलं.

डोक्यावरचा कडबा झाडत लालासाहेब उतरले. पोस्टमन म्हणाला, पायडलांच्या तारा उलट्या बांधा, सायकलचं डावं हँडल ढकललं की ती उजवीकडं जाते. कुणी म्हणालं, शेपटीला वजन बांधा. कुणी म्हणालं, अमावस्या जवळ आहे. बिराप्पा मात्र गंजीकडे न बघता पायडलांकडे बघत बसला होता.

“मास्तर, तुमी बैलाला वळ बी म्हन्ताय आन् थांब बी म्हन्ताय,” तो म्हणाला. “एका दमात. त्यो खुळा हुनार न्हाई तर काय?”

“बिराप्पा, हे विमान आहे. बैल नाही.”

“व्हय, व्हय. पर हुकूम दोन झालं.”

लालासाहेबांनी कोरडं हसून विषय संपवला. मेंढक्यानं हवाईदलाच्या फिटरला शिकवावं, हे त्यांना जरा लागलं होतं. पुढचे तीन रविवार त्यांनी तारा सैल केल्या, ताणल्या, तेल घातलं, स्प्रिंगा बदलल्या. प्रत्येक रविवारी विमान गोल फिरलं. गाव जेवणं उरकून, सावली धरून बघायला यायचं.

दसरा उद्यावर आला. खंडेनवमीच्या सकाळी लालासाहेब कऱ्हाडला पेट्रोल आणायला निघाले. जाता जाता अंबूबाईंनी विचारलं, “ह्यात मुख्य काय रं? इंजिन?”

“इंजिन काय, कुणाचंही फिरतं,” लालासाहेब घाईत म्हणाले. “सगळं ह्या पायडलांवर आहे, आई. उद्या ती पावली तर विमान आपलं.”

चुकलं ते इथं. दुपारी परत येऊन बघतात तर विमानाच्या पंखांना हळदकुंकू, चाकांना झेंडूच्या माळा, इंजिनापुढं नारळ. आत वाकून बघितलं तर पायडलांच्या जागी दोन तारा लोंबत होत्या.

“आई! पायडलं?”

“देव्हाऱ्यात हायती. काळवंडली हुती. चिंच लावून घासली न् पुजली.”

“पण काढली कशी तू?”

“कशी म्हंजे? खिळं वढलं न् काढली. परात म्या काय आजच घासत्ये व्हय?”

देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी, कोयता आणि खुरप्याच्या मधोमध, पायडलं पाटावर बसली होती. हळद, कुंकू, अक्षता, प्रत्येकी एक झेंडू. लालासाहेबांनी हात पुढं केला.

“हां! उद्या पूजा उतरल्याबिगर हात लावायचा न्हाई. आज हत्यार निजतंय. नांगर बी निजलाय.”

पाच वर्षं लालासाहेबांनी गोऱ्या अधिकाऱ्यांचे हुकूम पाळले होते, पण ते कधी कधी मोडलेही होते. हा मोडण्यातला नव्हता. त्यांनी निदान काढलेल्या पिना मोजून घेतल्या. चार हव्या होत्या, अक्षतांच्या वाटीत तीन निघाल्या. चौथी बोटाच्या पेराएवढी, लढाईच्या मालातली. तशी पिन सांगलीपर्यंत कुठं मिळणार नव्हती, आणि तिच्यावाचून ब्रेक पहिल्याच दाबाला निखळला असता. 

 सकाळी अंबूबाईंनी पायडलं काढून नेल्यावर गोठा नाथाजीनं झाडला होता. तो पोतं घेऊन आला आणि अंबूबाईंना म्हणाला, “आत्ती, चाळणी चालंल का आज? हत्यारात येती का?”

अंबूबाईंनी थोडा विचार केला. “चाळण सैपाकघरातली हाय. चालंल.”

अर्ध्या तासात त्या केरातून म्हशीच्या गळ्यातलं एक घुंगरू निघालं, लालासाहेबांच्या फाउंटनपेनचं हरवलेलं निब निघालं, आणि शेवटी पिन निघाली. नाथाजीनं ती फुंकून तळहातावर ठेवली. लालासाहेबांनी त्या क्षणी जगातल्या सगळ्या केरसुण्यांची मनोमन क्षमा मागितली.

दसऱ्याच्या सकाळी पूजा उतरली, पायडलं बसली, विमान माळावर गेलं. मुंबईचे साहेब मोटारीतून आले. उंच, अबोल, आणि बूट असे की त्यात आभाळ दिसावं. उत्तरेच्या कचेरीतले भाऊसाहेब पंचनाम्याचा कागद आणि लाखेची डबी घेऊन हद्दीच्या दगडापाशी उभे राहिले. लालासाहेब आत बसले. पंखा फिरवायला नाथाजी पुढं झाला. लालासाहेबांनी उजवा बूट उचलला आणि तो हवेतच राहिला.

खाली पायडल झळकत होतं. त्यावर हळदीची बोटं, मधे कुंकू. फूल काढलं होतं, पण कुंकू पुसायची कुणाची छाती झाली नव्हती. लालासाहेबांनी मनाला बजावलं की हे पितळ आहे, लोखंडावर डाक दिलेलं पितळ. मनाला पटलं. पायाला पटेना. लहानपणी पुस्तकाला पाय लागला तर ते कपाळाला लावल्याशिवाय पुढं गेले नव्हते; आज पुजलेल्या देवावर नाळ ठोकलेला बूट कसा ठेवणार? फौजेत करू नये ते सगळं त्यांनी करून बघितलं होतं आणि पश्चात्तापही झाला नव्हता. पण बूट काही खाली येईना.

“काय अडचण आहे, मोहिते?” साहेबांनी विचारलं.

“काही नाही, सर.”

“पाय अडकलाय का?”

“नाही सर. पाय... जात नाही.”

भाऊसाहेबांनी कागदावर लिहिलं: ‘यंत्रचालकाचा पाय जात नाही.’ गावात कुजबुज झाली. एक म्हणाला, फडकं टाका वर. दुसरा म्हणाला, फडकं घसरंल. साहेबांनी घड्याळ बघितलं.  दोन वर्षांचं विमान डोळ्यांसमोर चावडीत, धान्याच्या पोत्यांशेजारी जाऊन बसलं.

गर्दीतून अंबूबाई पुढं आल्या. हातात पाण्याचा तांब्या होता.

“बूट काढ,” त्या म्हणाल्या.

“आई, त्याच्यावर कुंकू आहे.”

“म्याच लावलंय. काढ बूट. पाय भाईर कर.”

लालासाहेबांनी बूट काढले आणि पाय बाहेर सोडले. अंबूबाईंनी दोन्ही पायांवर पाणी घातलं आणि हातानं चोळून धुतले.

“आई, लोक बघतायत.”

“बघू देत. ह्याच परातीत माझ्या बापानं तुझ्या बापाचं पाय धुतलं तवा बी समदी बघतच हुती.” त्यांनी पदरानं पाय पुसले. “ही परात पाय धुवायचीच हाय, लालासाहेब. माझ्या लग्नातली. तिला पायाचा इटाळ न्हाई. पाय तेवढा सवच्छ पायजे.” आणि त्यांनी लेकाच्या दोन्ही अंगठ्यांना कुंकू लावलं.

 ही परात लालासाहेबांनी डोळ्यांदेखत कापू दिली होती, आणि आईनं कापताना एक शब्द काढला नव्हता. त्यांनी वाकून दोन्ही पायडलांना हात लावला, तो कपाळाला लावला, आणि ओले पाय पितळेवर ठेवले.

इंजिन धडधडलं. विमान निघालं आणि सरळ निघालं. लालासाहेबांना आधी वाटलं आपण स्वप्नात आहोत. मग त्यांच्या ध्यानात आलं. बुटात पाय म्हणजे एकच ठोकळा होता. टाच ढकलली की जाड टोक आपसूक ब्रेकवर जायचं. वळ आणि थांब एका दमात. आता टाच टाचेच्या जागी होती आणि पाच बोटं पाच बोटांच्या. डावी टाच ढकलली, विमान डावीकडे झुकलं. उजवी ढकलली, उजवीकडे आलं. दगड जवळ आला. कुंकवाचे दोन अंगठे हळूच पुढं झाले, आणि विमान हद्दीच्या चार हात अलीकडे आज्ञेत उभं राहिलं.

 माळावर हलगी कडाडली.

“बिराप्पा,” लालासाहेब आतूनच ओरडले, “तुझं खरं होतं रं! हुकूम दोन झाले होते!”

“आता कसं!” बिराप्पा म्हणाला, आणि त्यानं फेटा वर उडवला.

साहेब चालत आले. “ब्रेक मला स्वतः पाहावा लागेल,” ते म्हणाले. त्यांनी आपला चकचकीत बूट पायरीवर ठेवला आणि आत वाकून बघितलं. पिवळ्या पितळेवर दोन ओली, लालसर पावलं उमटली होती. हलगी थांबली. सगळं गाव त्या बुटाकडे बघत होतं.  साहेबाला काय सांगायचं?

साहेबांनी पाय मागं घेतला. ते हद्दीच्या दगडावर बसले आणि नाड्या सोडायला लागले. एक बूट निघाला, दुसरा निघाला. डाव्या मोज्याला भोक होतं, त्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. गावानं सभ्यपणे दुसरीकडे बघितलं. मग साहेबांनी धोतर सावरावं तशी पाटलोण वर धरली आणि अंबूबाईंकडे बघून म्हणाले, “आजी, जरा पाणी घालता?”

अंबूबाईंनी तांब्यातलं उरलेलं पाणी साहेबांच्या पायांवर घातलं. 

साहेब आत बसले. इंजिन सुरू झालं. साहेबांचा पाय मुंबईचा, मऊ, आणि ओलं पितळ गुळगुळीत. त्यांनी अंगठे दाबले, पण जरा उशिरा दाबले. विमान दगडाशेजारून सुळकन पुढं गेलं आणि दहा हातांवर जाऊन थांबलं. दक्षिण जिल्ह्यात.

भाऊसाहेब धावले. ‘यंत्राने हद्द ओलांडली’ असं त्यांनी लिहिलं. पुढं ‘चालक’ असा रकाना होता, तिथं पेन्सिल अडखळली.

साहेब अनवाणी उतरले. “काय लिहिताय?”

“जप्ती, साहेब.”

“कोणत्या जिल्ह्याची?”

“उत्तर.”

“आणि यंत्र उभं कुठं आहे?”

भाऊसाहेबांनी दगडाकडे बघितलं, विमानाकडे बघितलं, आपल्या पायांकडे बघितलं. मग त्यांनी कागदाची घडी केली आणि लाखेच्या डबीचं झाकण लावलं.

एवढ्यात अंबूबाई आपट्याची पानं घेऊन पोचल्या. “सोनं घ्या साहेब,” त्या म्हणाल्या. “दसऱ्याला शीव वलांडलीसा. शुभ झालं.” साहेबांनी दोन्ही हातांनी सोनं घेतलं आणि वाकून नमस्कार केला. मग सगळं गाव शीव ओलांडून विमानाभोवती गोळा झालं आणि एकमेकांना सोनं देत राहिलं. साहेब मोटारीकडे गेले ते बूट हातात घेऊनच.

पंधरा दिवसांनी शेऱ्याचा कागद आला. पायडले: उत्तम. ब्रेक: उत्तम. पुढील चाचणीस शिफारस. आणि खाली साहेबांच्या अक्षरात एक ओळ: ‘चालकाने पादत्राणे काढून, पाय स्वच्छ धुऊन बसावे.’

अंबूबाईंनी ती ओळ दोनदा वाचून घेतली.

“परातीचं काय लिवलंय?”

“काही नाही, आई.”

“ऱ्हाऊ दे,” त्या देव्हाऱ्यातल्या नवऱ्याच्या टाकाकडे बघत म्हणाल्या. “तुझ्या बापाला ठावं हाय. तेवढं बास.”